दस्तीखालचा हात

९ जून, सोमवार. लातूर

निकाल लागला. बी.ए., प्रथम श्रेणी. मायकडचे आणि अण्णांकडचे धरून आमच्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. दुपारच्या सुट्टीत डाळमिलच्या गेटवर जाऊन मायला सांगितलं. तिने पदराने तोंडावरचा तुरीचा भुसा पुसला आणि म्हणाली, "झालं ना मंग एकदाचं?"

झालं नाही, सुरू झालं, हे तिला सांगायचं धाडस लगेच झालं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना सांगितलं. मला नांदेडला एम.एस.डब्ल्यू. करायचंय, समाजकार्याचं दोन वर्षांचं शिक्षण. महिला समुपदेशन केंद्रात मी दोन वर्षं बिनपगारी जातेय. तिथल्या ताई म्हणतात, तुला ऐकता येतं, पण ऐकण्याचंही शिक्षण असतं. माय म्हणाली, ऐकायला फी लागती व्हय?

लागते. फी आणि वसतिगृह मिळून तिच्या सहा महिन्यांच्या मजुरीएवढी. शिष्यवृत्ती मिळालीच तर वर्ष सरता सरता हातात येते, आधी पैसे भरायचेच असतात. मायने तवा उतरवला आणि विषयही उतरवला.

केंद्रात आलेल्या बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायची सवय लागलीय. आता माझं म्हणणं मी इथे लिहून ठेवणार आहे. लपवाछपवी करायची नाही, निदान या वहीत तरी.

१० जून

अण्णांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे वडील अंगद मुखेडला असतात. हेडी आहेत, जनावरांच्या बाजारातले दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवायचा. भाव तोंडाने करत नाहीत. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची, तिच्याखाली समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा; हजार की दहा हजार, ते मालावरून दोघांना कळतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. लहानपणी मी अण्णांची जुनी दस्ती घेऊन मांजराच्या पंजाशी सौदे करायचे. आजी रागवायची, पोरीच्या जातीला हेडेपणा कशाला?

मी अकरा वर्षांची असताना अण्णांनी महानंदाला घरात आणलं. माय मला घेऊन लातूरला आली. घटस्फोट झाला. मायने स्वतःसाठी काही मागितलं नाही. कोर्टाने माझी पोटगी ठरवली, मी सज्ञान होईपर्यंत. अण्णांनी ती दर महिन्याला दिली. एकही हप्ता चुकला नाही. मी अठराची झाले त्या महिन्यापासून एकही आला नाही. फोन नाही, निरोप नाही. जणू मी अठरा वर्षांची झाले आणि त्यांची मुलगी व्हायची थांबले.

बी.ए. मायने केलं, असंच म्हणायला पाहिजे.

१६ जून

हुस्ना मॅडमकडे जाऊन आले. त्या वकील आहेत, केंद्रातल्या बायकांच्या केसेस बघतात. दोन वर्षं मी बायकांना त्यांच्या ऑफिसात घेऊन जातेय, आज पहिल्यांदा समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, नवी बाई मागून येतेय. त्या दाराकडे बघत राहिल्या.

सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, अठराची रेघ मुलासाठी. मुलीचं लग्न झालेलं नाही आणि तिला स्वतःचं भागवता येत नाही, तोवर तिची जबाबदारी कायद्याने बापावर असते. शिक्षणाचा खर्चही मागता येतो. "आई-बाप वेगळे झाले, अयोध्या. तू बापापासून वेगळी झालेली नाहीस."

मला रडू आलं आणि रागही. हे मी चार-पाच बायकांना स्वतः सांगितलेलं आहे, त्यांच्या मुलींसाठी. स्वतःला सांगायचं सुचलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, अर्ज करण्याआधी एकदा स्वतः जाऊन माग. त्यातूनच भागलं तर चांगलं. नाही भागलं तर मागितलं होतं, असं कोर्टाला सांगता येतं.

मायला सांगितलं. तिने खूप वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, "मागून घेतल्यालं अंगी लागत न्हाई."

मी म्हटलं, हे मागणं नाही, हक्क आहे. ती म्हणाली, हक्क म्हण न्हाईतर काही म्हण, हात पसरायचा तो पसरायचाच.

१९ जून

मी हे शिक्षणासाठी करतेय की त्यांना धडा शिकवायला? केंद्रात एखादी बाई अशी गोंधळली तर मी तिला पाणी देते आणि म्हणते, दोन्ही असू शकतं, घाबरू नका. आज पाणी प्यायले. उपयोग झाला नाही.

२२ जून, रविवार

मुखेडला जाऊन आले.

अण्णांना फोन करून कळवलं होतं. घरी बोलावतील असं वाटलं होतं, पण ते स्टँडवरच उभे होते. केस पिकलेत. तोच पांढरा सदरा, खांद्यावर लाल काठाची दस्ती. चहा पाजला. फोन टेबलावर ठेवला तेव्हा स्क्रीनवर फोटो दिसला, एका देवणी जातीच्या गोऱ्ह्याचा. पांढरं अंग, काळं तोंड. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "वानेरा हाय. घरचा. इकायचा न्हाई, परदर्शनाला उतरवायचाय." तो फोटो त्यांनी मला मोठा करून दाखवला. त्याचे पाय, त्याची चाल, त्याचं वशिंड. महानंदाचा मुलगा आता पाचवीत गेलाय, तेही सांगितलं. माझा निकाल त्यांनी विचारला नाही. मी आपणहून सांगितला. "आस्सं," म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

मी पाठ करून गेले होते. जबाबदारी, सज्ञान मुलगी, कायदा. सगळं म्हणून दाखवलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले, जसं काही कुणी परक्या भाषेत बोलतंय. शेवटी विचारलं, "किती?"

तिथे मी अडखळले. बापासमोर आकडा टाकायची मला लाज वाटली. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तेवढं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, जशी मी काही चुकीचं बोलले.

लातूरची गाडी लागली. माणसं चढायला लागली, तेव्हा एक गोष्ट घडली. अण्णांनी माझा उजवा हात धरला आणि वर दस्ती टाकली. लोकांच्या देखत तरण्या मुलीचा हात धरायचा संकोच वाटला असेल. माझी चार बोटं त्यांनी मुठीत घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दहा वर्षांत त्यांनी मला शिवलेलं नव्हतं. तो खरखरीत तळवा, त्याला कासऱ्याचे घट्टे. मी दुसरा हातही आत घातला आणि त्यांचा हात गच्च दाबून धरला. माझे डोळे वाहत होते. ते तसेच थांबले. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा "बरं," म्हणाले आणि दस्ती काढून खांद्यावर टाकली.

अख्ख्या प्रवासात मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. पैशाचं काहीच ठरलं नाही. तरी मी रिकाम्या हाताने परत आले असं का वाटत नाहीये?

२३ जून

मायने विचारलं, काय म्हणला? मी सांगितलं, किती म्हणून विचारलं आणि गप्प बसले. हाताचं तिला सांगितलं नाही. तिला ते दुखेल असं वाटलं. शिवाय ते माझं आहे.

(लपवाछपवी करायची नाही असं पहिल्याच पानावर लिहिलंय. पण मायपासून लपवलं, वहीपासून नाही.)

२ जुलै

अण्णांचा फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. नांदेडच्या यादीत माझं नाव लागलंय. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्या मुलीला.

हुस्ना मॅडमनी विचारलं, कबूल केलं का त्यांनी काही? तोंडी तरी? मी आठवून आठवून पाहिलं. नाही, एक शब्दही नाही. मग अर्जावर सही केली. "जाब देणार हे अर्जदाराचे वडील असून ऐपत असूनही जबाबदारी टाळीत आहेत." ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मॅडम म्हणाल्या, कागदाची भाषा अशीच असते, मनाला लावून घेऊ नको.

मुठीतली ती चार बोटं मला आठवत होती. पण नुसत्या मायेने फी भरता येत नाही. मी केंद्रात हेच सांगत आले आहे. तो चांगला वागतो कधीकधी, असं सांगणाऱ्या बाईला आम्ही विचारतो, आणि खर्च कोण देतं?

५ जुलै

माय आता संध्याकाळची पाळीही करतेय. डोळे लाल होतात.

११ जुलै

महानंदाचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा. तिचा आवाज मी ओळखला नाही, मग ती म्हणाली, "मी मुखेडहून, तुझ्या अण्णाच्या घरून."

कोर्टाचा माणूस भर बाजारात नोटीस घेऊन आला. अण्णा कुणाच्या तरी बैलाचा सौदा करत होते. हात दस्तीखाली होता तो काढून त्यांना सही करावी लागली. भोवतीच्या लोकांनी विचारलं, कशाची नोटीस? पोरीची. त्या दिवशी पुढे कुणी त्यांच्या हातात हात दिला नाही, म्हणे.

"तुझ्यापायी त्यांनी वानेरा इकला, आन् तू वरून नोटीस धाडतीस? असं कोन करतं, बाई? तोंडात बोट घालून बसलेत दोन दीस. जेवले न्हाईत."

फोन ठेवल्यावर कानशिलं तापली होती. माझ्यापायी? मी कधी म्हटलं होतं, गोऱ्हा विका म्हणून? प्रदर्शनाला उतरवायचा, विकायचा नाही, असं ते स्वतः म्हणाले होते. मग अचानक का विकला? केंद्रात असली उदाहरणं मी पाहिली आहेत. केस होणार असा वास लागला की नवरे आधी म्हैस विकतात, मग प्लॉट भावाच्या नावावर करतात.

१२ जुलै

हुस्ना मॅडमना सांगितलं. त्यांनी तसा एक जादा अर्ज केला. जाब देणार मालमत्तेची विल्हेवाट लावीत आहेत. मी सही केली. या वेळी वाचून बघितलंही नाही. हे लिहिताना मला स्वतःची थोडी भीती वाटते.

१८ जुलै

कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. चोवीस तारखेला दोघांनी यायचं, वकिलांसह, समोरासमोर बसायचं. मॅडम म्हणाल्या, चांगलं झालं, नाहीतर तारखांमध्ये तुझं वर्ष जाईल. पण मध्यस्थीत जमलं नाही तर? तर तारखा. नांदेडची मुदत कुणाच्या तारखांसाठी थांबत नाही.

माय म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी न्हाई येत. तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय."

२४ जुलै, गुरुवार

सगळं सविस्तर लिहायला पाहिजे. घडलं तसं.

खोली लहान. मध्ये टेबल, एका बाजूला मी, माय आणि हुस्ना मॅडम. दुसऱ्या बाजूला अण्णा एकटेच. वकील केला नव्हता. मध्यस्थ म्हणून रेवणसिद्ध नावाचे वयस्क वकील होते, सौम्य माणूस. दहा वर्षांनी माय आणि अण्णा एका खोलीत. माय खिडकीकडे बघत होती, अण्णा टेबलाकडे.

रेवणसिद्ध सरांनी विचारलं, मुलीच्या शिक्षणाला तुम्ही काय देऊ शकता?

अण्णा म्हणाले, "माझं देणं ठरलंय साहेब. पोरीसंगं मुखेडच्या स्टँडावर सौदा झाला. पैसे जमा करून ठिवलेत, फीच्या वक्ताला देनार हुतो; झाल्या सौद्यावर फोनवर काय बोलायचं, म्हणून उचलला न्हाई. मी बोलीवर हाय. तिनंच हात दिऊन मोडला. का मोडला ते तिला इचारा."

मी उभी राहिले. म्हटलं, हे खोटं आहे. असं काहीही ठरलेलं नाही. एक शब्दही बोलले नाहीत. हुस्ना मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि काही टिपून घेतलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं ओळखीचं जनावर अचानक लाथ मारतं तेव्हा माणूस बघतो तसं.

"शब्द कशाला लागतो?" एवढंच म्हणाले.

तेव्हा माय खिडकीकडून वळली. मला म्हणाली, स्टँडवर काय झालं ते सगळं सांग, काही ठेवू नको. माझा चेहरा तापला. पण सांगितलं. माय मध्ये मध्ये विचारत होती, केंद्रात मी विचारते तसं, शांतपणे.

"दस्ती टाकली हुती?"

हो.

"किती बोटं धरली?"

चार.

"आन् तू काय केलंस?"

मी घट्ट दाबून धरला हात. दोन्ही हातांनी.

मायने डोळे मिटले. मलाही तेव्हाच कळलं. मांजराच्या पंजाशी खेळणाऱ्या मला ते स्टँडवर कळायला हवं होतं. पण बापाने लेकीच्या हातावर दस्ती टाकावी ती भावासाठी, हे माझ्या मनात कसं यावं? आणि हेड्याच्या हातात हात दाबला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी तो फिरवायचा नसतो. मी तो दाबला होता. दोन्ही हातांनी.

माय रेवणसिद्ध सरांना म्हणाली, "साहेब, ह्यो मानूस खरं बोलायलाय. नवरा म्हणून लई वाईट निघाला, ते मी कुठंबी सांगंन. पण दस्तीखाली त्यानं खोटं केल्यालं मला म्हाईत न्हाई."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा खिडकीकडे वळली होती.

मी खाली बसले. म्हटलं, अण्णा, मला कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही माझा हात धरलाय.

त्यांनी दस्ती खांद्यावरून काढून मांडीवर घेतली, तिच्या घड्या नीट करत राहिले. मग म्हणाले, "पहिल्याच हाताला कुनी हो म्हणतं व्हय? पहिला हात अर्धाच असतोय. मी थांबलो तुझ्या तोंडाकडं बघत. म्हणलं आता भाव वर ओढंल, आता वर ओढंल. तू तर रडायलीस."

"मग वानेरा का विकला?" मी विचारलं.

"घरी गेलो तर रातभर डोळा लागंना. म्हणलं पोरीला भाव करायला यीना. अर्ध्यात कसं भागंल तिचं?"

माझ्यासमोरच्या फाइलमध्ये तो जादा अर्ज होता. मालमत्तेची विल्हेवाट लावीत आहेत. खाली माझी सही. मी मॅडमना म्हटलं, तो काढून घ्या. त्या म्हणाल्या, घेऊ, आधी काय ठरतंय ते बघू. त्यांचं बरोबर आहे. त्या माझ्या वकील आहेत.

पण मला एक विचारायचंच होतं. म्हटलं, सज्ञान होईपर्यंत असं ठरलं होतं म्हणून तुम्ही अठराव्या वर्षी थांबलात. ठरलं तेवढं दिलंत, त्यापुढे एक फोनसुद्धा नाही. मी बाजारातलं जनावर आहे का? बापाने मुलीशी सौदा का करायचा?

रेवणसिद्ध सरांनी चष्मा काढून ठेवला. अण्णा दस्तीकडेच बघत होते.

"मला दुसरं काय येतंय?" ते म्हणाले.

बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. मग अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, टेबलावर हात ठेवला आणि त्यावर दस्ती पसरली. सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, जा.

मी दस्तीखाली हात घातला. त्यांनी एकही बोट धरलं नाही. तळवा उघडाच ठेवला होता. "आता तू बोल आधी," म्हणाले.

मी त्यांची बोटं धरली. त्यांनी एक सोडवून घेतलं. मी ते परत धरलं. त्यांनी मान हलवली, माझ्या करंगळीला हलकेच झटकलं. मी सोडलं नाही. फी, वसतिगृह, मायची संध्याकाळची पाळी, ते लाल डोळे, सगळं मी त्या पकडीत ठेवलं. त्यांचं तोंड बाजारातल्या माणसासारखं कोरं होतं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी अंगठ्याने माझा हात दाबला. मीही दाबला. या वेळी कळून.

रेवणसिद्ध सरांनी पेन उचललं. तडजोडीच्या कागदावर रकमेची जागा कोरी होती. अण्णांना विचारलं, किती लिहू?

अण्णा दस्तीची घडी घालत होते. "वरचा हात तिचा हुता. ती सांगंल ते लिवा."

मी काहीही सांगू शकले असते. दस्तीखाली काय झालं ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते बोलणार नव्हते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डोक्यात एक मोठा आकडा येऊनही गेला, खोटं कशाला लिहू.

मग हातात होतं तेच सांगितलं.

ते या वर्षापुरतंच आहे. अण्णांनी अट घातली, पुढल्या साली पुढला सौदा, मुखेडला, बाजाराच्या दिवशी. हुस्ना मॅडमनी हट्टाने लिहून घेतलं की मुलीचा पुढचा हक्क अबाधित आहे. अण्णांनी वाचलं नाही, सहीची जागा विचारली आणि सही केली. कागदावर विश्वास नाही आणि कागदाला नाहीही म्हणत नाहीत.

बाहेर आल्यावर मायने विचारलं, "पहिला हात चारचा. मंग किती झाले?"

मी सांगितलं नाही. ती पुढे चालायला लागली. थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाली, "हेड्याचीच पोर."

२९ जुलै

फी भरली. पावती मायने देवाजवळ ठेवली, मग तिथून काढून पिठाच्या डब्यात. वानेऱ्याचा फोटो मी फक्त एकदा पाहिला होता. सारखा डोळ्यांसमोर येतोय.

आकडा मी इथेही लिहीत नाही. या वहीत लपवाछपवी करायची नाही, असं ठरवलं होतं. पण हे लपवणं वाटत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. नांदेड

वसतिगृहात खोलीत चौघी. उकडतं. वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं, इथे का आलात? बाकीच्यांनी छान उत्तरं दिली. मी म्हटलं, ऐकायला शिकायला. सर खूश झाले. मला मात्र स्टँडवरचा दिवस आठवला.

मनातून एक काळजी जात नाही. पुढच्या वर्षी काय? पुन्हा नवा सौदा म्हणजे पुन्हा हीच धाकधूक. महानंदाच्या मुलाची शाळा आहे, यंदा बाजार मंदा आहे म्हणतात. अण्णांकडे आता विकायला घरचं काही उरलेलं नाही. कागदावर हक्क अबाधित आहे, पण तो वापरायला पुन्हा कोर्टाची पायरी चढायची आणि पुन्हा कुणीतरी भर बाजारात नोटीस न्यायची, हे मला जमेल का? हक्क मिळाला की सौदा जमला, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. केंद्रातल्या बाईला मी काय सांगितलं असतं? एकरकमी दोन्ही वर्षांचं लिहून घ्या, असंच.

म्हणून आज धीर करून अण्णांना फोन केला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडे जनावरांचा गलका होता. मी विचारलं, पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवता येईल का? म्हणजे मलाही घोर नाही आणि तुम्हालाही. न्हाई, म्हणाले, बाजार दरसाल नवा असतोय. मग मी म्हटलं, निदान फोनवर ठरवू. त्या वेळी माझ्या परीक्षा असतील, नांदेडहून मुखेडला येण्यात एक दिवस मोडतो. आणि आकडा मी आता तोंडाने सांगू शकते, मला लाज वाटत नाही.

ते हसले. अण्णा हसलेले मी लहानपणानंतर ऐकले नव्हते.

"फोनवर हात धरता येतो व्हय?" म्हणाले. "ये सकाळच्या गाडीनं. आन् पहिल्या हाताला हो म्हणू नको."

एवढा हट्ट कशासाठी, मला खरंच कळत नाही. परीक्षेच्या तारखा लागल्या की मधली सुट्टी बघून ठेवली पाहिजे.